अडतीस की पंचेचाळीस

ठाण्याचं नाव सांगत नाही. बारामतीहून इंदापूरला जाताना मधे कुठंतरी होतं, एवढं पुरे. फौजदारसाहेबांचंही नाव सांगत नाही. त्यांची नातवंडं असतील, त्या बिचाऱ्यांनी माझं काय घोडं मारलंय? पण माणूस सांगितल्याशिवाय राहवत नाही. नोकरीत मी मूर्ख बरेच पाहिले, काही वर्दीतले, काही बिनवर्दीचे. पण मूर्खपणाला रोज तेलपाणी करून, फडक्यानं पुसून, कुलपात जपून ठेवणारा असा एकच पाहिला.

इंग्रज जाऊन फार वर्षं झाली नव्हती तेव्हाची गोष्ट. मी त्या ठाण्यात रायटर होतो. रायटर म्हणजे कारकुनी करणारा शिपाई. फिर्यादी लिहून घ्यायच्या, टपाल बघायचं, साहेबांनी हाक मारली की 'जी' म्हणायचं. माझं टेबल साहेबांच्या टेबलाला खेटून. त्यामुळं त्यांचं बोलणं ऐकायचं पहिलं भाग्य माझं, आणि दुसऱ्या कुणाला ते नको असल्यामुळं शेवटचंही माझंच.

साहेब मूळचे पुण्याचे. अंगानं इतके बारीक की कमरेच्या पट्ट्याला जास्तीची भोकं पाडून घेतलेली. बदलून आले तेव्हा एस.टी.च्या टपावरून एक वळकटी आणि पुस्तकांच्या दोन ट्रंका उतरल्या. आमच्या दादू जमादारांनी एक ट्रंक खांद्यावर घेतली आणि म्हणाले, "लई कायदा दिसतोय ह्यात."

कसला कायदा! सगळी पुस्तकं बंदुका-पिस्तुलांची. कुठल्या गोळीनं कुठल्या लढाईत कुठला गोरा शिपाई कसा पडला, हे साहेबांना तोंडपाठ. आपल्या हद्दीत गावं किती, हे विचारलं तर मात्र माझ्याकडं बघायचे.

आता ह्या जमादारांबद्दल सांगायला हवं. दादू जमादार पणदऱ्याचे. उसाच्या फडातून उठून पोलिसात आलेले. आडवातिडवा देह, आवाज मात्र देवळातल्या माणसासारखा हळू. गस्तीचे प्रमुख तेच. चार शिपाई बरोबर घेऊन कालव्याच्या कडेचा रस्ता पायी तुडवायचे. त्या रस्त्यानं बाजाराच्या गाड्या जायच्या-यायच्या, आणि त्या साली तिथं एका टोळीचा उपद्रव सुरू झाला होता. डोक्यावरून घोंगड्या घेतलेली चारपाच माणसं कालव्यावरच्या मोरीपाशी आडवी यायची, हातात कुऱ्हाडी. गाडीवानाला मारायचं, बायकांच्या अंगावरचं ओरबाडायचं आणि उसात शिरायचं. ऊस उभा असला की त्यात हत्ती सापडायचा नाही, तिथं माणूस कुठला सापडतो!

जमादारांच्या हातात होती लाठी. ठाण्याच्या मस्कटी, म्हणजे लांब नळीच्या बंदुका, खजिन्याच्या पहाऱ्याला गेलेल्या. तेवढ्यात वरून हुकूम आला, की गस्तीच्या प्रमुखाला यापुढं एक पिस्तूल द्यावं. ठाण्यात दोन बोअरची, म्हणजे नळीच्या दोन मापांची, पिस्तुलं आहेत, अडतीस आणि पंचेचाळीस. त्यातलं गस्तीला कोणतं बरं, ते ठाण्याच्या अधिकाऱ्यानं ठरवावं, द्यावं आणि कळवावं. शेजारच्या ठाण्याच्या फौजदारानं त्याच दिवशी हाताला लागलं ते देऊन टाकलं आणि जेवायला गेला.

आमच्या साहेबांनी हुकूम वाचला, डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, परत लावला. चेहरा असा उजळला की विचारू नका. मुलगा झाल्याची तार आलेला बापसुद्धा इतका खुलत नाही.

"रायटर," ते म्हणाले, "हा प्रश्न हिंदुस्थानात कुणी नीट सोडवलेला नाही."

मी म्हणालो, "जी."

झालं! त्या दिवसापासून ठाण्याचं कामकाज एकीकडं आणि हा प्रश्न एकीकडं. अडतीस बोअरचं पिस्तूल नवं, हलकं, हाताला बरं. पंचेचाळीसचं धूड एका इंग्रज साहेबाच्या काळापासून पडून होतं. वाजलं की मनगट हिसकायचं. साहेबांचं एक ठरलेलं वाक्य होतं. ते म्हणताना उजव्या हाताचं बोट छताकडं जायचं. "गोळी लागणं वेगळं, आणि माणूस जागच्या जागी थांबणं वेगळं!" दिवसातून इतक्यांदा म्हणायचे की ठाण्याच्या नळावर पाणी भरणारी बाईसुद्धा कळशी ठेवताना ते पुटपुटायची.

शेळी चोरीला गेल्याची फिर्याद घेऊन कुणी आलं तर साहेब विचारायचे, "चोर अंगानं कसा होता? भरलेला की किडकिडीत?" फिर्यादी बिचारा शेळीचा रंग सांगायचा. साहेबांना शेळीशी काय देणंघेणं! एकदा आम्हा सगळ्यांना बाजारात नेलं आणि गुळाच्या आडत्याच्या काट्यावर एकेकाला उभं केलं. गुळाला आलेले शेतकरी खो-खो हसत होते. सगळ्यात जड भरले दादू जमादार. साहेब त्यांच्याकडं कौतुकानं बघत म्हणाले, "जमादार, तुम्हाला थांबवायला पंचेचाळीसच लागेल."

"मला कशापायी थांबवताय, सायेब?" जमादार म्हणाले. "मी तुमच्याच बाजूचा हाय न्हवं?"

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांना विनोद कळायचा, पण त्याचा बोअर ठरवल्याशिवाय ते हसत नसत.

मग गुळाची ढेप निघाली. माणसाच्या छातीला सगळ्यात जवळची वस्तू म्हणजे गुळाची ढेप, हा शोध त्यांना कुठून लागला देव जाणे. ठाण्यामागच्या ओढ्यात पणदऱ्याच्या गुळाची ढेप मांडली. अडतीसची गोळी आत गेली आणि आतच बसली. पंचेचाळीसची लागली तशी ढेप दुभंगली. आम्हाला वाटलं, सुटलो. पण साहेब ढेपेभोवती फिरले, एक खडा तोंडात टाकला आणि म्हणाले, "हा गूळ फार कडक आहे. माणूस मऊ असतो." मऊ गूळ आणला. मग म्हणाले, माणसाला बरगड्या असतात. मग गुळात उसाची कांडकी खोचून बार काढले. सरावाच्या नावाखाली काडतुसं उडत होती आणि आम्ही आपले गुळाचा चहा पीत होतो. एका शिपायाच्या दाताखाली शिशाचा तुकडा आला, तर साहेबांनी त्याला दाताचं विचारलं नाही. तुकडा कितपत चपटा झालाय ते बघायला मागितला.

गुळानंतर घोंगडी. दरोडेखोर घोंगडी पांघरतात, तेव्हा घोंगडीतून गोळी कशी जाते ते बघायला नको? तळावर उतरलेल्या एका धनगराची घोंगडी मागून आणली. कोरडीवर झाडली. मग साहेबांना सुचलं की पावसापाण्यात घोंगडी ओली असते. भिजवली, बाभळीवर टाकली, पुन्हा झाडली. ओल्या लोकरीत अडतीसची गोळी म्हणे दमते. संध्याकाळी धनगर घोंगडी न्यायला आला. तिच्यातून पलीकडचं सगळं गाव दिसत होतं. त्यानं ती दोन्ही हातांनी वर धरली, एका भोकातून साहेबांकडं बघितलं आणि म्हणाला, "सायेब, घोंगडीनं काय गुन्हा केला व्हता वो?"

साहेब म्हणाले, "हे शास्त्र आहे बाबा."

"आसंल. पर थंडी मला वाजती."

जमादारांनी घरून आपली घोंगडी आणून त्याला दिली. त्याबद्दल साहेबांना काही कळलं नाही, आणि कळूनही उपयोग नव्हता.

एवढं करून ठरलं म्हणावं, तर तेही नाही. सोमवारी पंचेचाळीस, गुरुवारी अडतीस. पंचेचाळीस जड पडेल का, हे बघायला जमादारांच्या कमरेला धोंडा बांधून त्यांना लिंबाभोवती पळवलं. पन्नाशीला टेकलेला माणूस, त्या उन्हात! आणि दोन्ही पिस्तुलं कुलपात. का, तर निर्णय व्हायचाय. "अपुरं हत्यार देणं हे हत्यार न देण्याहून वाईट," असं साहेब म्हणायचे. मी तेव्हाही मनात म्हणायचो आणि आजही म्हणतो, की असली वाक्यं खुर्चीवर बसलेल्या माणसालाच सुचतात.

तिकडं मोरीपाशी एका गाडीवानाचं डोकं फुटलं. त्याला ठाण्यात आणला तेव्हा जमादार साहेबांसमोर उभे राहिले. टोपी काढून काखेत धरली होती.

"सायेब, पोरं रोज त्या वाटंनं चालत्यात. त्या लोकास्नी म्हाईत हाय, आमच्याकडं नुसती काठी हाय. कंचंबी द्या, पर द्या. नुसता बार वाजला तरी पळत्याल ती."

"जमादार, बार वाजवायला फटाके पुरतात. आपल्याला माणूस थांबवायचाय."

"मला तर तो पळाला तरी चालंल, सायेब."

साहेबांनी हात जोडल्यासारखे केले. "घाई करू नका. दसऱ्यापर्यंत निर्णय करतो. शब्द देतो."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्या ठाण्यात त्या दिवशी शस्त्रं पुजायचा रिवाज. पाटावर लाल फडकं घालून लाठ्या, बेड्या, बिगुल, आणि कोपऱ्यात माझा टाक आणि दौतसुद्धा मांडायची. त्या दिवशी पिस्तुलं कुलपातून निघाली, आणि साहेबांपुढं नवा पेच. मानाच्या जागी, म्हणजे उजव्या हाताला, कोणतं ठेवायचं? अडतीस ठेवलं, मग उचलून पंचेचाळीस ठेवलं. पुन्हा अडतीस. गुरवाचा नारळ हातातच राहिला. शेवटी जमादारांनीच दोन्हींना एकदम कुंकू लावलं आणि गुरवाला म्हणाले, "फोडा."

नारळ फुटला, खोबरं वाटलं, आणि तेवढ्यात एक म्हातारा धापा टाकत अंगणात येऊन कोसळला. शिवरामतात्या. कालव्याच्या पाण्यावर फुलं-भाजीपाला करणारे. दसऱ्याच्या बाजाराला झेंडूची गाडी भरून बारामतीला निघाले होते.

"सायेब, मोरीपाशी गाडी अडवली! माझी सून गाडीवर हाय वो! मी उसातनं पळत आलो... चला, चला लौकर!"

जमादार पाटाकडं वळले सुद्धा. साहेबांनी हात आडवा केला आणि म्हाताऱ्याच्या पुढ्यात उकिडवे बसले. मला वाटलं, पाणी पाजतात. कुठलं काय!

"किती जण आहेत?"

"चौघं."

"घोंगड्या पांघरल्यात?"

"व्हय, व्हय!"

"कोरड्या की ओल्या?"

म्हातारा त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिला. मग त्याला रडू फुटलं. "अहो, माझी लेकरासारखी सून तितं हाय! मी घोंगड्या चाचपत बसलो न्हाय!"

जमादारांनी पाटाला हात लावून तो कपाळाला लावला, पहिली आपली लाठी उचलली आणि मग अडतीसचं पिस्तूल. ते भरलेलं नव्हतं, पण काडतुसांची पेटी शेजारीच होती.

"ठेवा ते," साहेब उभे राहत म्हणाले. "अडतीस नाही. माझा निर्णय झालाय. पंचेचाळीस."

खरं सांगतो, मला त्या क्षणी बरं वाटलं. चला, ठरलं एकदाचं! जमादारांनी अडतीस खाली ठेवलं, पंचेचाळीस उचललं आणि म्हणाले, "गोळ्या द्या."

साहेबांनी पेटी उघडली. अडतीसची काडतुसं होती. पंचेचाळीसचं एकही नव्हतं. शेवटची धनगराच्या घोंगडीत गेली होती, त्याआधीची गुळात. नवी मागवायची, तर कोणतं पिस्तूल ते ठरल्यावरच मागवू, असं साहेबांनीच मला बजावलं होतं.

"मग ऱ्हाऊ द्या," जमादार म्हणाले. "अडतीसच द्या."

आणि साहेब म्हणाले, शब्दन् शब्द माझ्या कानात आहे, "ज्या हत्यारावर माझा विश्वास नाही, ते मी माझ्या माणसाच्या हातात देणार नाही." असं म्हणून त्यांनी अडतीसवर आपला हात ठेवला.

पाटावर हळदकुंकू, झेंडूची फुलं, आणि त्या सगळ्यात हात ठेवून उभा असलेला तो काडीपैलवान. ठाण्यातला कुठलाही शिपाई त्याला एका हातानं बाजूला सारू शकला असता. पण ते दिवस तसे नव्हते. साहेब म्हणजे साहेब. हातातलं रिकामं पंचेचाळीस जमादारांनी पाटावर जागच्या जागी ठेवलं, म्हाताऱ्याच्या पाठीवर हात फिरवला, "रडू नगा, तात्या," म्हणाले, आणि लाठी घेऊन निघाले. मागं चार शिपाई पळत गेले. साहेबांनी मला नवी काडतुसं मागवायचा मजकूर लिहायला बसवलं.

झेंडूची गाडी दुपार कलताना परत आली. शिवरामतात्यांची सून गाडीत बसली होती, अंगावरचं सगळं शाबूत. तिच्या मांडीवर जमादारांचं डोकं होतं. उजव्या हाताला तिनं आपला पदर फाडून बांधला होता आणि त्या बाजूची सगळी फुलं लाल झाली होती. ती मला म्हणाली, "भाऊ, ह्यांनी एकाला काठीनं पाडला, तो कालव्यात गेला. तितनं उठला आन् कुऱ्हाड घिऊन परत आला. बाकीची तवर पळाली व्हती, शिपाई त्यांच्या मागं गेलं व्हतं." एवढं बोलून तिनं तोंड झाकून घेतलं.

बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी जीव वाचवला. हात वाचला नाही. कोपराच्या वर काढावा लागला.

दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, साहेब दवाखान्यात आले. मी खाटेपाशी होतो. आता हा माणूस पाय धरील, निदान मान खाली घालील, असं मला वाटलं. अहो, मान कसली खाली घालतोय! त्यांनी स्टूल ओढलं आणि विचारलं, "जमादार, तो कालव्यातून वर आला ना? म्हणजे घोंगडी भिजलेली होती?"

जमादारांना धड डोळे उघडवत नव्हते. तरी म्हणाले, "व्हय सायेब. वलीच व्हती."

"पाहा!" साहेब माझ्याकडं वळले. त्यांचे डोळे आनंदानं चमकत होते. "पाहा रायटर! म्हणजे अडतीसनं तो थांबलाच नसता!"

मी उठून बाहेर गेलो. व्हरांड्यात उभा राहून मी त्या माणसाला ज्या शिव्या दिल्या, त्या इथं लिहीत नाही. पण त्यातली एकही मागं घ्यावी असं मला आजवर वाटलेलं नाही.

वर पाठवलेल्या निवाड्यात ही हकीकत साहेबांनी पुरावा म्हणून घातली. वरून शाबासकी आली, अभ्यासू अधिकारी म्हणून. आणि मागाहून हुकूम आला, की सगळ्या ठाण्यांनी अडतीस वापरावं. साहेबांना हा अन्याय वाटला. ते त्यावर फेरविचाराची मागणी करत बसले. अडतीस मात्र आता गस्तीला मिळू लागलं. नव्या जमादारानं पहिल्याच आठवड्यात मोरीपाशी एक बार हवेत काढला, आणि टोळी जी पळाली ती पुन्हा त्या बाजूला फिरकली नाही.

दादू जमादारांना घरी बसवलं. मी अधूनमधून पणदऱ्याला जायचो. एकदा जेवायला बसलो होतो, तर त्यांच्या मालकीणबाईंनी त्यांच्या ताटात भाकरी कुस्करून वाढली. माझं लक्ष गेलेलं बघून ते म्हणाले, "भाकरी एका हातानं मोडत न्हाय, रायटर. करून बगा कवा." आवाज तसाच हळू. मी खाली बघून जेवलो.

पुढच्या दसऱ्याला ते सोनं द्यायला ठाण्यात आले. पांढरा सदरा, डोक्याला पटका, उजवी बाही दुमडून पिनेनं टाचलेली, आणि डाव्या हातात आपट्याची पानं. आम्ही सगळे उठलो. एकेकाला सोनं देत, "बरं हाय का?" विचारत ते साहेबांच्या टेबलापाशी आले.

साहेब लिहीत होते. पुढ्यात दोन्ही पिस्तुलं. आदल्या दिवशीचं कुंकू अजून तसंच. जमादारांनी पान पुढं केलं. "सायेब, सोनं घ्या."

साहेबांनी वर न बघताच हात पुढं केला. पान कुठल्या हातातून येतंय, तेवढं त्यांना डोळ्यांच्या कडेनं दिसलं असावं. रिवाजाच्या बाबतीत ते फार काटेकोर. लिहिता लिहिताच म्हणाले, "अहो, दसऱ्याचं सोनं उजव्या हातानं द्यावं."

जमादारांनी पान टेबलावर ठेवलं, दोन पिस्तुलांच्या मधोमध.

"उजवा तुमच्याकडं जमा हाय, सायेब," ते म्हणाले, आणि वाकून डाव्या हातानं नमस्कार करून निघून गेले.